चाड्याची उंची

आमच्या कारखान्याची एक चकचकीत पुस्तिका आहे. पाहुणे आले की ऑफिसातली मुलगी चहाच्या आधी ती त्यांच्या हातात देते. तिच्या पहिल्याच पानावर छापलंय की, ‘ग्रामीण शेतकऱ्यांच्या गरजांचा सखोल अभ्यास करून साहेबांनी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पहिली लोखंडी तिफण घडवली.’ हेच वाक्य माझ्या तिन्ही निवडणुकांच्या पत्रकांत होतं, साठीच्या सत्काराच्या फलकावर होतं आणि मी गेल्यावर पेपरात येईल तेही हेच येईल. त्यातलं एकोणिसावं वर्ष तेवढं खरं आहे. अभ्यासाचं म्हणाल तर तो मी केला नव्हता, आणि केला नव्हता म्हणूनच पुढचं सगळं रामायण घडलं. आता आमदारकी गेली, कारखाना पोरांनी हातात घेतला, गुडघे माझ्या ताब्यात राहिले नाहीत, तेव्हा खरं सांगून टाकायला हरकत नाही.

वडवणीच्या बाजारपेठेत आमचं किराणा दुकान होतं. पुढे दुकान, मध्ये घर, मागे परस आणि परसात पत्र्याचं एक शेड. दुकान अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आणि घर मायचं. अप्पा बुटके, गोल, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि बोलणं अगदी मोजकं. माय त्याहून बुटकी, पण बोलण्यात अप्पांची सगळी कसर भरून काढणारी. अशा दोघांच्या पोटी मी ताडमाड कसा निपजलो हे आमच्या पाहुण्यांना कोडंच होतं. आमच्या सगळ्या चौकटी त्या दोघांच्या मापाच्या, त्यामुळे माझ्या कपाळावर कायम एक टेंगूळ असायचं. मी धडकलो की माय आधी चौकटीवरून हात फिरवायची आणि मग माझ्या कपाळावरून. घरात दिवसभर आवाज चालायचे. तराजूची पारडी, पलीकडच्या गिरणीचं पुकपुक, मायचा खलबत्ता. त्या खलबत्त्यात येसराचा मसाला कुटला जात असेल तर नुसत्या वासानं भूक लागायची. येसराची आमटी, त्यात कुस्करलेली भाकरी, वरून कच्चा कांदा. सणाला शेंगाची पोळी. आजही मोठमोठ्या हॉटेलांत जेवताना मला ती आमटी आठवते आणि समोरच्या पदार्थावर उगीच राग येतो.

मी दुकानात बसावं असं अप्पांच्या मनात होतं. मी मात्र बीडला आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकून आलो आणि येताना रशीदलाही घेऊन आलो. रशीद माझा वर्गमित्र, बीडचाच, हात सोन्याचा आणि तोंड दख्खनी. आम्ही दोघांनी परसातल्या शेडात एक जुनं वेल्डिंग मशिन लावलं. वीज यायची सकाळी, आणि सकाळी अप्पांची इष्टलिंगाची पूजा असायची. ते पाटावर बसत, डाव्या तळहातावर लिंग घेत आणि पूजा संपेपर्यंत अक्षर बोलत नसत. नेमकी त्याच वेळी शेडातून करकर सुरू व्हायची आणि उघड्या दारातून निळा उजेड थेट देवघरात पडायचा. अप्पा बोलू शकत नसत, म्हणून नुसते माझ्याकडे बघत. पूजा आटोपली की जे बोलायचं ते एका वाक्यात बोलत. एक दिवस ते वाक्य असं आलं, “दसऱ्यानंतर सरकी पेंडीचा ट्रक येणार हाय, पोती शेडात लावायचीत.”

पेंडीला गोदाम हवं होतं आणि शेडाला उपयोग नव्हता, असा त्यांचा सरळ हिशेब. मायनं मध्यस्थी केली, तेव्हा त्यांनी एक सवलत दिली. दसऱ्यापर्यंत एका तरी माणसानं आपल्या पायानं येऊन माझ्याकडे औजार मागितलं, तर शेड माझं. नाही तर मशिन बाहेर, पोती आत आणि मी गादीवर. गादीवर बसायचं म्हणजे जन्मभर गूळ आणि मीठ जोखायचं. मला एकोणिसाव्या वर्षी ते फाशीसारखं वाटत होतं. रशीद म्हणाला, “यार, तू तो दुकान में बैठ जाएगा, मेरा क्या?” हे मात्र मला लागलं, कारण त्याला मीच आणलं होतं.

तिफण करायची हे माझ्या डोक्यात त्याच आठवड्यात आलं. ज्यांनी शेती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिफण म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं औजार. तीन दाते जमिनीत रेघा पाडतात, प्रत्येक दात्यामागे एक नळी असते आणि तिन्ही नळ्या वर जाऊन एका वाडग्याला मिळतात. त्या वाडग्याला चाडं म्हणतात. गडी बैल हाकतो, बाई मागून चालते आणि मूठभर ज्वारी चाड्यात अशी सोडत राहते, की तिन्ही नळ्यांतून सारखे दाणे पडावेत. या कामाला मूठ धरणं म्हणतात. आमच्याकडे मूठ बाईनंच धरायची. त्या काळी तिफणी लाकडाच्या असत, दोन हंगामांत दाते झिजत, आणि सुतार एक आणि गावं दहा अशी परिस्थिती. लोखंडी तिफण केली तर ती बापजन्मात मोडणार नाही, असा माझा विचार. विचार वाईट नव्हता. आजवर माझ्या डोक्यात आलेल्या विचारांमधला तो सगळ्यात बरा.

आम्ही पंधरा दिवस राबलो. रशीदनं दाते घडवले, मी सांगाडा जोडला. नळ्यांसाठी पाण्याचे पाईप, चाड्यासाठी दुकानातलं पितळी पातेलं, जे माय नंतर तीन वर्षं परत मागत होती. चाडं किती उंचीवर बसवायचं हा प्रश्न आला, तेव्हा मी तिफणीच्या मागे उभा राहिलो, हात सहज दुमडला आणि म्हटलं, इथं. रशीदनं तिथं खूण केली आणि मी पाईप कायमचे जोडून टाकले. परसात चाचणीही झाली. रशीद बैलाच्या जागी जुंपला गेला, मी मागून मूठ धरून चाललो आणि दाणे अगदी मोजल्यासारखे पडले. माय दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, पोरं गुणाची निघाली.

आता गिऱ्हाईक पाहिजे होतं आणि मी थेट मोठ्या घरी गेलो. भाऊसाहेब पंचायत समितीचे सभापती होते. बीडच्या रस्त्याला लागून त्यांचं काळंभोर रान, दारात जीप, ओसरीवर सदैव दहा-वीस माणसं. माणूस दिलदार होता, आणि नवीन काही दिसलं की आपला फोटो त्यासोबत निघावा ही एवढीच त्यांची हौस. मला ती हौस तेव्हा विनोदी वाटायची. पुढे माझा स्वतःचा पहिला फोटो उद्घाटनाच्या फितीसोबत छापून आला तेव्हा मी तो पाच वेळा पाहिला, म्हणून आता हसत नाही. भाऊसाहेबांनी तिफण वाजवून पाहिली आणि म्हणाले की रब्बीची ज्वारी याच तिफणीनं पेरायची, रस्त्याकडच्या रानात, चार गावचे लोक बोलावून. नीट उगवलं तर समितीतर्फे गावोगाव तिफणी देऊ असंही म्हणाले. मी घरी येईपर्यंत जमिनीवर पाय टेकला असेल असं मला वाटत नाही. येताना चौकटीला धडकलो ते कळलंही नाही.

पेरणीच्या दिवशी बांधावर जत्रा भरली. मांडव होता, चहा होता, भाऊसाहेबांचं भाषण होतं. पहिली मूठ त्यांनीच धरली, फोटोपुरती, आणि फोटो निघाल्याबरोबर मूठ गयाबाईच्या हवाली केली. गयाबाई त्यांच्याकडे सालोसाल पेरणीला जायची. चाळिशीची विधवा, काटकुळी, माझ्या छातीला जेमतेम लागेल एवढी. तिची मूठ पंचक्रोशीत नावाजलेली होती. तिनं पेरलेल्या रानात दोरी धरून बघावी, असं लोक म्हणत. तिनं तिफणीभोवती एक फेरी मारली, चाड्याला हात लावला आणि इकडे तिकडे काहीतरी शोधू लागली. मी विचारलं काय पाहिजे, तर म्हणाली, दोरी. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की मावशी, हे लोखंड आहे, याला दोरीबिरी लागत नाही.

दोन फेऱ्या झाल्यावर ती माझ्याजवळ आली. कपाळावर घाम होता. हळूच म्हणाली, “लेका, चाडं लई वर हाय. आत दिसंना मला.”

आता तिथं थांबून ऐकायला काय झालं होतं मला? पण भाऊसाहेबांनी नुकताच माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, कुणीतरी गळ्यात हार घातला होता, आणि हार घातलेल्या माणसाला ऐकू कमी येतं हे मी पुढे पंचवीस वर्षं राजकारणात राहून पक्कं शिकलो आहे. मी म्हटलं, सवय होईल मावशी. ती परत तिफणीमागे गेली. हात खांद्याच्या वर धरून, आंधळ्यासारखी चाचपत, तिनं संध्याकाळपर्यंत ते सगळं रान पेरलं.

ज्वारी पाच-सहा दिवसांत वर येते. आली, पण कशी? जिथं तिचा हात दमलेला नव्हता तिथं गच्च झुबके, जिथं हात भरून आला तिथं टक्कल, आणि तीन नळ्यांपैकी डावीकडची तर जवळजवळ कोरडीच, कारण तिच्या उंचीवरून तिकडचं भोकच दिसत नव्हतं. सगळ्या रानाला वाघाच्या अंगासारखे पट्टे पडले होते. हे रान एखाद्या आडवळणाला असतं तर मी चार दिवस तोंड लपवून निभावलं असतं. पण ते बीडच्या रस्त्याला. केजकडून येणारी एसटी असो की धारूरकडून येणारी जीप, सगळ्यांना ते खिडकीतून दिसायचं. भाऊसाहेबांच्या विरोधकांनी तर त्या रानासमोर गाडी थांबवून लोकांना उतरवायला सुरुवात केली. एक कंडक्टर त्याला थांबा असल्यासारखं ‘वाघाचं रान’ म्हणू लागला आणि लोक खरंच तिथलं तिकीट मागू लागले.

भाऊसाहेबांनी मला बोलावलं नाही. त्यांनी तिफण बैलगाडीत घालून आमच्या दुकानासमोर आणून टाकायला लावली, भर बाजाराच्या दिवशी. तिच्याभोवती कोंडाळं जमलं. अप्पा गिऱ्हाईक करत होते. त्यांनी मान वर करून एकदा तिफणीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत साखर जोखू लागले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा लाज वाटली, खरी लाज. मी आणि रशीदनं तिफण उचलून शेडात नेली. दसऱ्याला पंधरा दिवस राहिले होते. रशीदनं आपली पिशवी भरून ठेवली होती, मला न सांगता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गयाबाईच्या घरी गेलो. काय बोलायचं हे वाटेत दहा वेळा घोकलं होतं, पण तिनं बोलूच दिलं नाही. चुलीपुढून भाकरी थापता थापता म्हणाली की बस, आधी खा. गरम भाकरी, लाल ठेचा. मी खाल्लं, आणि ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं त्याचा फायदा घेऊन मी म्हणालो की मावशी, चुकलं माझं.

ती म्हणाली, “चुकलं ते जाऊ दे. कावून चुकलं ते ठावं हाय का तुला?”

मला ठाऊक नव्हतं. मी चाडं, नळ्या, दाते सगळं तपासलं होतं आणि मला वाटत होतं की भोकं लहान पडली असावीत. मग तिनं मला दारात ठेवलेल्या एका मोडक्या लाकडी तिफणीपाशी नेलं. तिचं चाडं दोरीनं बांधलेलं होतं. ती दोरी दाखवून म्हणाली की सुतार चाडं कधीच पक्कं करत नाही. तो नुसतं दोरीवर सोडतो. पेरणीच्या दिवशी जिची मूठ असेल ती बाई दोरी ओढून किंवा ढिली करून चाडं आपल्या कोपराशी आणते. हे कुणी कुणाला सांगत नाही. गड्याची पाठ तिकडं असते, बैलांकडं, त्यामुळे त्यालाही माहीत नसतं. मी जन्मभर शेतांच्या मध्ये राहिलो होतो, शंभर तिफणी पाहिल्या होत्या, आणि एकदाही मागून चालणाऱ्या बाईच्या हाताकडे पाहिलं नव्हतं. मी जी तिफण केली होती ती माझ्यासाठी केली होती, म्हणजे अख्ख्या जिल्ह्यात जो कधीच मूठ धरणार नव्हता अशा एका ताडमाड माणसासाठी.

मी तिथेच खाली बसलो. मग हुशारी सुचली, कारण माझी हुशारी लाजेपेक्षा नेहमी लवकर उठते. मी म्हटलं, सोपं आहे मावशी, चार-दहा बायकांची मापं घेतो, मधली उंची काढतो आणि तिथं चाडं बसवतो.

गयाबाई म्हणाली, “मधल्या उंचीची बाई कुठं ऱ्हाती? मला दाखव एकदा.”

त्या वाक्यावर माझा कारखाना उभा आहे. विधानसभेत असताना जेव्हा जेव्हा एखादा मंत्री उठून सांगायचा की जिल्ह्यात सरासरी पाऊस समाधानकारक आहे, तेव्हा मी त्याला विचारायचो की सरासरी पाऊस पडलेलं गाव कोणतं, चला, बघून येऊ. सभागृह हसायचं. लोकांना वाटायचं साहेब फार हजरजबाबी आहेत.

चाडं वरखाली व्हायला पाहिजे हे समजलं, पण किती वर आणि किती खाली? मापं कशी घ्यायची? एकोणीस वर्षांचा दांडगा पोरगा बायकांचं कोपर मोजत फिरला असता तर गावानं मलाच मोजलं असतं. ते काम मायनं अंगावर घेतलं. दुकानात मीठ-मिरचीला बाई आली की माय तिला आत बोलवायची, उभी करायची, हात दुमडायला लावायची आणि जमिनीपासून कोपरापर्यंत सुतळी धरून गाठ मारायची. कशाला म्हणून विचारलं तर सांगायची की माझ्या लेकाला अक्कल यावी म्हणून. हे उत्तर बायकांना इतकं आवडलं की चार दिवसांत त्या बिनकामाच्याही येऊ लागल्या. मायची सुतळी गाठींनी भरून गेली. सगळ्यात खालची गाठ एका ठेंगण्या सासूची आणि वरून दुसरी तिच्याच सुनेची, आणि त्या दोघी एकाच तिफणीवर आळीपाळीनं मूठ धरत. कसली मधली उंची घेऊन बसलो होतो मी!

आम्ही पाईप मध्ये कापले. चाड्याच्या आधाराला दोन सरळ पट्ट्या उभ्या केल्या, मायच्या गाठींप्रमाणे त्यांना भोकं पाडली आणि चाड्याखाली एक खिट्टी बसवली. खिट्टी काढायची, चाडं सरकवायचं, खिट्टी घालायची. नळ्यांना खाली रबराचा तुकडा, म्हणजे त्या वाकतील. रशीदनं पिशवी परत उपसली. तो म्हणाला की इतकं साधं होतं तर आधी का नाही सुचलं, आणि मी म्हटलं की आधी आपण दोघंच होतो ना.

पण पेरायचं कुठं? भाऊसाहेबांचं दार बंद. बाकीच्यांनी ‘वाघाचं रान’ पाहिलेलं. कुणी बांधावरसुद्धा उभं करेना. सात दिवस उरले होते आणि जमिनीतली ओल रोज कमी होत होती. तेव्हा गयाबाई म्हणाली की माझ्या रानात पेर. ओढ्याकाठी तिचं दीड एकर होतं. त्यात जी ज्वारी यायची ती तिची आणि तिच्या दोन मुलींची वर्षभराची भाकरी. मी नाही म्हणालो. अगदी मनापासून नाही म्हणालो. शेड गेलं तर मी गूळ जोखत बसेन, पण हिचं रान पट्ट्यांचं झालं तर दोन पोरी काय खातील?

ती म्हणाली, “माझी तिफण मोडली तवापासून मी दुसऱ्याच्या तिफणीची वाट बगती. समद्यांचं झालं की माझी पाळी, आन् तवर ओल उडून गेलेली ऱ्हाती. तू मला पयली पाळी दिऊ लागलास आन् मी न्हाई म्हनू?”

पेरायला फोटोवाला नव्हता, मांडव नव्हता. बैल शेजाऱ्याचे, हाकायला रशीद, ज्याला बैल हाकायची सवय नव्हती आणि बैलांना त्याच्या भाषेची नव्हती. तो ‘चलो मियाँ’ म्हणायचा आणि बैल उभे राहायचे. गयाबाईच्या मुली बांधावर लोळून हसत होत्या. गयाबाईनं खिट्टी काढली, चाडं कोपराशी आणलं, खिट्टी ठोकली. चाड्यात एकदा वाकून पाहिलं. मग ओटीतून मूठ भरली आणि चालू लागली. मी मागून चालत होतो, यावेळी तिच्या हाताकडे बघत. अंगठा दाण्यांना असा ढकलत होता की तीन भोकांकडे तीन धारा जात होत्या, आणि पाय जेवढा पुढे पडेल तेवढाच दाणा सुटत होता. मी तिफण केली होती, पण पेरणं काय असतं ते मला त्या दुपारी कळलं. दुपारपर्यंत आजूबाजूच्या रानांतल्या सात-आठ बायका येऊन उभ्या राहिल्या. त्या सांगाड्याबद्दल काही बोलल्या नाहीत. एकेक जण येऊन खिट्टी काढून बघत होती आणि चाडं आपल्या कोपराला लावत होती.

मग पाच दिवस. त्या पाच दिवसांत मी काय खाल्लं ते आठवत नाही, आणि माझ्यासारख्या माणसाला खाल्लेलं आठवत नाही म्हणजे काय ते समजा. घरी घट बसले होते, माय रोज आरती करायची आणि प्रत्येक आरतीनंतर मला विचारायची की उगवलं का. पाचव्या दिवशी सकाळी मी ओढ्याकाठी पोचलो तर बांधावर आधीच कुणीतरी उभं होतं. धोतर, टोपी, कपाळावर विभूती. अप्पा. दुकान उघडायच्या वेळेला अप्पा दुकानाबाहेर असण्याची ती माझ्या आठवणीतली पहिली वेळ. ते मला न सांगता आले होते. त्यांच्यासमोर दीड एकर ज्वारी वर आली होती. तीन-तीनच्या ओळी, एकसारख्या, रानाच्या या टोकापासून ओढ्यापर्यंत. मी तिथल्या तिथे ओरडलो असतो, पण अप्पा होते.

अप्पांनी विचारलं, “हे कुनी पेरलं?”

मी सांगितलं, गयाबाईनं.

“आन् त्वा काय केलं?”

मी म्हणालो, भोकं पाडली. अप्पांनी मान हलवली. मला ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून ते कळलं नाही. ते धोतर सावरत गावाकडे चालू लागले आणि मी त्यांच्या मागे. अट त्यांच्या लक्षात होती आणि माझ्याही. अजून कुणी आपल्या पायानं येऊन औजार मागितलेलं नव्हतं.

दसऱ्याच्या आधीचा आठवडी बाजार आला. आम्ही तिफण दुकानापुढे ठेवली. सकाळी पुरुषमाणसं आली, दात्यांवर पाय आपटून पाहिला, वाघाची आठवण काढली आणि पुढे गेली. मग साधारण अकराला बायका यायला लागल्या. गयाबाईच्या रानाची बातमी विहिरीवरून विहिरीवर गेलेली होती. पिशव्या खाली ठेवून त्या ओळीनं उभ्या राहिल्या, आणि एकेक पुढे होऊन चाड्याला कोपर लावू लागली. नवरे लांब उभे राहून घाई करत होते. तळवाड्याहून लेकीकडे आलेली एक म्हातारी बाई पुढे आली. ती इतकी वाकलेली होती की सगळ्यात खालच्या भोकावरही चाडं तिला वरच होत होतं. मी आत गिऱ्हाइकाचं तेल मापत होतो, कारण अप्पांनी मला मुद्दाम तिथं बसवलं होतं. वर पाहतो तर अप्पा गादीवरून उठून बाहेर गेले होते. खिट्टी त्यांच्या हातात होती. ते आत वळून मला म्हणाले, “आजून एक भोक पाड, खाली.”

त्या बाईनं अप्पांना विचारलं की ही तिफण आम्हाला कधी मिळेल. तिच्या मागच्या दोघींनीही तेच विचारलं. अप्पांनी हे सगळं ऐकलं आणि परत गादीवर येऊन बसले. भाऊसाहेबही नंतर आले, मोठ्या मनानं हसले आणि सहा तिफणी सांगून गेले, मात्र फोटोशिवाय. पुढे मी त्यांच्याच पंचायत समितीला त्यांच्याविरुद्ध उभा राहिलो. पहिल्यांदा आपटलो, दुसऱ्यांदा निवडून आलो. दोन्ही वेळा ते माझ्या घरी जेवायला आले.

दसरा झाला आणि ठरल्याप्रमाणे पेंडीचा ट्रक आला. हमालांनी पहिलं पोतं पाठीवर घेतलं आणि सवयीनं परसाच्या दिशेनं निघाले. मी शेडाच्या दारात उभा होतो. रशीद माझ्या मागे. अप्पांनी हमालाला हाक मारली आणि हातानं मधली खोली दाखवली. ती अप्पांची झोपायची खोली. हमाल घुटमळला, पण अप्पांनी परत तिकडेच बोट केलं. पोत्यावर पोतं चढत गेलं, खाट बाहेर निघाली, खिडकी बुजली. माय पदराला हात पुसत आली आणि म्हणाली की अहो, तुम्ही झोपणार कुठं?

अप्पा म्हणाले, “दुकानात. फळ्या हायेत की.”

पुढची नऊ वर्षं, आम्ही रस्त्याकडेला जागा घेऊन कारखाना हलवेपर्यंत, ते त्या फळ्यांवर झोपले. शेडाबद्दल ते माझ्याशी त्यानंतर कधी काही बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून त्यांनी आपली पूजा पहाटे, वीज यायच्या आधी उरकायला सुरुवात केली.